नंतर वाढवलेली खोली

१

रोज सकाळी मी आत्याला संग्रहालयाच्या फाटकाशी सोडते आणि रोज तिथल्या पाटीशी मनातल्या मनात भांडते. पाटीवर लिहिलंय, ‘इथे गाव जपलं आहे’. जपलं आहे म्हणे. गावावरून रुंद रस्ता न्यायचा, आड येणारी घरं उतरवायची, एकेका तुळईवर रंगाने आकडा घालायचा, ट्रकमध्ये भरून सगळं शहराबाहेरच्या हिरवळीवर पुन्हा उभं करायचं आणि दोन घरांच्या मध्ये कचरापेटी ठेवायची, की झालं गाव. माणसं कुठे गेली हे विचारणारी पाटी कुणी लावत नाही. वार्ताहर म्हणून मी आयुष्यभर असल्या पाट्या खरवडत आले. निवृत्त झाले तरी नखं तशीच आहेत.

“झालं का पाटी वाचून?” आत्या विचारते. “मग गाडी हलव. मागचा कोकलतोय.”

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. एकटी आहे, माझ्याकडेच राहते. ती मला लहानपणापासून ‘भांडकुदळ’ म्हणते, आणि इतक्या मायेने म्हणते की परक्याला ते माझं नावच वाटतं. पहिल्यांदा घरी आलेल्या एका संपादकाने मला खरोखर त्या नावाने हाक मारली होती.

हिरवळीवरच्या घरांपैकी विणकराचं घर आमचं. माझे आजोबा विणकर होते. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा त्यांचा माग अजून चालतो, आणि तो चालवता येणारं कुणी उरलं नाही म्हणून संग्रहालयाने आत्यालाच कामावर ठेवलं आहे. ज्या घरात जन्मली त्याच घरात ती आता डबा घेऊन नोकरीला जाते. सकाळी चूल पेटवते, कारण धुराने लाकडाला कीड लागत नाही. मग खड्ड्यात उतरून धोटा फेकत बसते. शाळेच्या सहली दोरीपलीकडे दाटीवाटीने उभ्या राहतात आणि आत्या त्यांना संग्रहालयाने दिलेलं कार्ड वाचून दाखवते. “या घरात विणकर, त्याची पत्नी आणि त्यांची दोन मुलं राहत.” मग चष्मा काढते. “त्या दोघांतली लहान ती मी. बघून घ्या, वस्तू अस्सल आहे.” मुलं हसतात.

एका संध्याकाळी मी तिला न्यायला लवकर गेले. लोक निघून गेले होते. आत्या डबा धुवत होती, म्हणून मी दोरी ओलांडून आत जाऊन उभी राहिले. जमीन आत्याच्याच हाताने सारवलेली. तिच्या बोटांची अर्धवर्तुळं एकीला एक लागून कौलांसारखी पसरलेली असतात. मागापासून चुलीपर्यंत ती पुसट झाली होती, ते ठीक, तो तिचा जायचा-यायचा रस्ता. पण चुलीपासून मागच्या भिंतीपर्यंतही एक पट्टा पुसला गेला होता. अरुंद आणि गुळगुळीत. तिथे काहीच नाही. मडकं नाही, फडताळ नाही, नुसती पांढरी भिंत.

“आत्या, इकडे कोण चालतं?”

ती डबा पुसत आली. पट्ट्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड टिपलं.

“मी तर नाही बाई,” ती म्हणाली. “माझं काय काम तिकडे?”

आत्या खोटं बोलत नाही. पण कधी कधी निम्मंच बोलते, हे मला माहीत आहे.

२

दोनच दिवसांत संचालकांचं बोलावणं आलं. संचालक तरुण आहेत, सभ्य आहेत, चहा स्वतः करून देतात. अशा माणसाशी भांडणं फार कठीण जातं. मी तरी चढ्या आवाजात जायची तयारी करूनच गेले.

“ताई, आजींबद्दल मला आदर आहे,” ते म्हणाले.

“आदराने सुरुवात केली म्हणजे पुढे काहीतरी वाईट आहे. बोला.”

ते मला आणि आत्याला घराकडे घेऊन गेले. मागच्या भिंतीवर, माझ्या खांद्याच्या जरा खाली, तळहाताएवढा डाग होता. वर्षानुवर्षं हात लागून जिन्याच्या कठड्याला येते तशी तेलकट तुकतुकी. त्याच्या आजूबाजूचा गिलावा थोडा उडालेला.

“हे आम्ही पुन्हा पुन्हा दुरुस्त करतो,” ते म्हणाले. “गिलावा, चुना, सगळं. आठवड्यात परत असं. या घरात दोरीच्या आत फक्त आजी असतात. आजी, तुम्ही इथे हात टेकता का? किंवा खरवडता? स्पष्ट सांगा, मी रागावणार नाही.”

“अहो, मला भिंत खरवडायची असती तर विळा घेऊन एका दुपारीत पाडली असती,” आत्या म्हणाली. “इथे दार होतं.”

संचालकांना ते ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखं दाखवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

दार होतं आणि दारामागे खोली होती. मी त्या खोलीत वाढले आहे, पण घर इथे उभं राहिलं तेव्हा मी एका मोठ्या खटल्याच्या बातम्यांत गुंतले होते. खोली आलीच नाही हे उशिरा कळलं, तेव्हा आत्या म्हणाली, जाऊ दे, आणि मी जाऊ दिलं. त्याचं कारण मात्र आता संचालकांच्या तोंडून ऐकलं. संग्रहालयात प्रत्येक घराचं एक वर्ष ठरवतात. घर त्या वर्षी जसं होतं तसंच उभं करायचं, नंतरचं सगळं वगळायचं. पत्रे, विजेचे दिवे, सिमेंटचे ओटे, सगळं. आमच्या घराचं वर्ष ठरलं ते खोली बांधण्याच्या अगोदरचं. सुतारांनी तुळयांवर आकडे घालताना त्या खोलीच्या लाकडावर आकडा घातला नाही, आणि दाराची जागा इथे विटांनी बुजवून टाकली.

“पुढच्या शनिवारपर्यंत हे थांबलं नाही, तर मला मागावर दुसरं कुणी शोधावं लागेल,” संचालक म्हणाले. “माझाही नाइलाज आहे. वरून तपासणी येते.”

आत्याने त्यांच्याकडे नाही, मागाकडे पाहिलं. घर गेलं तेव्हा ती रडली नव्हती. आमची माणसं गेली तेव्हाही मी तिला फार रडताना पाहिलं नाही. पण त्या दिवशी गाडीत बसल्यावर तिने पट्टा लावला आणि काचेकडे तोंड करून बसली ती घर येईपर्यंत. दुसऱ्यांदा तिला त्या घरातून काढत होते. मी ठरवलं, हे होऊ द्यायचं नाही.

३

सोमवारी संग्रहालय बंद असतं. रविवारी संध्याकाळी संचालकांनी भिंतीला नवा हात मारून घेतला, आत्याने जमीन सारवली आणि सोमवारी सकाळी मी आत्याला घरी ठेवून एकटीच तिथे जाऊन बसले. ती तिथे नसताना डाग पडला तर ती सुटली, इतका साधा हिशेब होता. पुरावा गोळा करायला मी याहून वाईट जागी बसलेली आहे.

मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. आत ऊन येत होतं. बाहेर हिरवळीवर पाणी फवारणारं यंत्र टिकटिकत होतं. मधूनच फोन करून आत्याची चौकशी करत होते.

“घरीच आहे गं,” ती म्हणायची. “तुझी वाटाण्याची पिशवी सोलतेय. किती किडका वाटाणा आणतेस. तुला भाजीवाल्याशी भांडता येत नाही का?”

उन्हं चढली तशी कौलं कडकडू लागली. लाकूड ताणलं की आवाज करतं, हे मला माहीत आहे. मग भिंतीपाशी आवाज झाला.

फार मोठा नाही. तळहात भिंतीवर हलकेच टेकल्याचा. थोडा थांबून पुन्हा, जरा बाजूला. एका हातात भरलेलं भांडं असलं की आपण दुसऱ्या हाताने दाराची चौकट चाचपतो, तसा. घाई नव्हती त्यात. ज्याला जागा पक्की माहीत आहे आणि आज ती सापडत नाही, अशा माणसाचा आवाज होता तो.

मी स्वतःला म्हटलं, उंदीर. मग म्हटलं, बाहेर माळी असेल. उठून घराला वळसा घालून मागे गेले. हिरवळ मोकळी होती. भिंतीला बाहेरून बोट लागल्याची खूण नव्हती. मी परत आत आले.

डाग आला होता. त्याच जागी. मी बोट लावून पाहिलं. बाकीची भिंत गार होती आणि तेवढीच जागा उबदार होती. उन्हामुळे, मी म्हणाले. ऊन त्या भिंतीवर येतच नव्हतं.

मग खाली पाहिलं. सारवण अजून पुरतं वाळलं नव्हतं आणि त्यावर पावलं उमटली होती, अनवाणी, छोटी, डावा पाय जरा ओढत टाकलेला. चुलीपासून भिंतीपर्यंत. माझ्या पायांत बूट होते. शेवटचं पाऊल भिंतीला लागून होतं, आणि त्याची नुसती टाच दिसत होती. बोटं भिंतीच्या आत असायला हवी होती.

फोन कधी लावला ते कळलं नाही, पण आत्या पलीकडून विचारत होती, “काय झालं? गप्प का झालीस? तू गप्प बसलीस की मला भीती वाटते.”

“काही नाही,” मी म्हणाले. “वाटाणा बदलून आणते.”

४

डावा पाय ओढत चालणारी बाई आमच्या घरात एकच होती. थोरली आत्या. आजोबांची मोठी मुलगी. तिला सासरी इतकं मारलं की पाय कायमचा अधू झाला. ती एकटी चालत माहेरी परत आली, तेव्हा गावाने आजोबांना सांगितलं की तिला परत पाठवा. आजोबांनी मागच्या भिंतीत दार पाडलं आणि खोली बांधायला घेतली. तिला स्वतःची जागा असावी म्हणून. त्या खोलीत तिने आपलं आयुष्य काढलं, माझ्या वडिलांना आणि धाकट्या आत्याला वाढवलं, नंतर मलाही. चुलीपासून रोज संध्याकाळी ती भरल्या ताटाने त्या खोलीत जायची, हात भिंतीवर टेकत. आम्ही पोरं तिच्या मागे. तिथेच ती गेली.

आता सांगा, संचालकसाहेब, मी त्यांच्या कार्यालयात उभ्या उभ्या म्हणाले. ग्रामीण समाजाचा इतिहास म्हणून तुम्ही काय जपलंत? माग जपलात. चूल जपलीत. ज्या वर्षी घरातली मुलगी सासरी मार खात होती, ते वर्ष तुम्हाला सोयीचं पडलं. बाप मुलीच्या मागे उभा राहिला ते वर्ष नको. त्या खोलीची लाकडं कुठे आहेत? जळणात गेली ना? कार्डावर लिहिता विणकर, पत्नी आणि दोन मुलं. आणि तिसरी कुणी मोजायची, तुमच्या कचरापेटीने?

पावलांबद्दल मी अक्षर काढलं नाही. ज्या गोष्टीला माझ्याकडे दुसरा साक्षीदार नाही ती मी कधी छापली नाही, तोंडानेही नाही.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं होतं की ते समिती म्हणतील, तपासणी म्हणतील, निदान अर्ज करा म्हणतील. मी तीन-चार उत्तरं तयार ठेवली होती.

“दार उघडून देतो,” ते म्हणाले. “खोली बांधणं माझ्या हातात नाही. पण दार काढू. मागे हिरवळीवर खोलीचा आकार दगडांनी आखू. कार्ड आजींनी सांगावं तसं बदलू. आणि आजी राहतील.”

“इतक्या सहज?”

त्यांनी चहाचा कप उगाच बशीत फिरवला. “मंगळवारी सकाळी कुलूप मी उघडतो, ताई,” ते म्हणाले. “सगळ्यांच्या आधी. जमिनीकडे माझंही लक्ष जातं.”

एवढंच. मी जिंकले होते. भांडणाची उत्तरं तशीच शिल्लक राहिली, याचा रागही आला. गाडीत आत्याला सांगितलं तेव्हा ती टाळी वाजवून हसली. “बघ, भांडकुदळ घरात असली की किती बरं असतं,” ती म्हणाली, आणि मग जरा वेळाने, “तिचा हात दुखला असेल गं भिंतीवर.”

मी रस्त्यावर लक्ष ठेवलं.

५

गवंड्याने विटा काढल्या, सुताराने चौकट बसवली. दार साधं, कवाड नसलेलं. पलीकडे ऊन पडलेली हिरवळ, त्यावर दगडांचा चौकोन आणि मागे कुंपण. बघणाऱ्याला काहीही विशेष वाटू नये असं.

संचालक फोटो काढायला बाहेरच्या बाजूने हिरवळीवर उभे राहिले. मी आत, चुलीपाशी. आत्याने पहिलं पाऊल टाकावं असं ठरलं होतं. तिने उंबऱ्याशी चपला काढल्या. मी म्हणाले, बाहेर गवत ओलं आहे, घालून जा. ती म्हणाली, “घरात कुणी चपला घालून जातं का?” आणि गेली.

चौकटीतून मला हिरवळ दिसत होती. संचालक दिसत होते, डोळ्याला कॅमेरा लावून उभे. आत्या दिसत नव्हती. मला वाटलं भिंतीआड बाजूला झाली असेल.

“ताई, पाठवा ना त्यांना,” संचालकांनी बाहेरून हाक दिली.

“पाठवलं की.”

त्यांनी कॅमेरा खाली घेतला. आमची नजरानजर झाली. त्यांच्यात आणि माझ्यात मोकळं दार होतं आणि थोडं गवत. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग खिळल्यासारखे उभे राहिले. मी हाक मारली असेन, मला आठवत नाही. फवाऱ्याची टिकटिक ऐकू येत होती एवढं आठवतं.

मग आत्या उंबरा ओलांडून आत आली. हसत होती. चपला पायांत सरकवताना तिने माझ्या दंडाला धरलं.

“किती वेळ लावलास,” मी म्हणाले.

“लावला का? मला तर वाटलं आत्ताच गेले.”

आदल्या वर्षापासून आत्याचा खांदा धरला होता, हात वर जात नव्हता. रोज सकाळी तिची वेणी मीच घालत असे, आणि वाईट घालत असे. दुपारपर्यंत सुटायची. ती वळली तेव्हा पाहिलं. केसांना तेल लावलं होतं. चापूनचोपून भांग पाडला होता आणि वेणी घट्ट, इतकी घट्ट की भुवया ताणल्या जाव्यात. अशी वेणी घालणारी बाई मला माहीत होती. लहानपणी मी तिच्या गुडघ्यांत मान अडकवून रडत असे आणि ती म्हणत असे, हलू नकोस, तिरपी होईल.

संचालक आत आले नाहीत. त्यांनी हिरवळीवरूनच हात केला, ठीक आहे, ठीक आहे, असा, आणि कार्यालयाकडे चालू लागले. नंतर पळू लागले.

६

हे होऊन बराच काळ लोटला. आत्याची नोकरी शाबूत आहे. नवं कार्ड लागलं आहे, त्यावर थोरल्या आत्याची गोष्ट चार ओळींत आहे. मी त्यातल्या दोन ओळी दुरुस्त करून घेतल्या. भिंतीवर डाग पडत नाही. तपासणी येऊन गेली आणि त्यांनी घराचं कौतुक केलं, ‘जिवंत वाटतं’ असं म्हणाले. संचालक आमच्या घराकडे फिरकत नाहीत. दिसलेच तर नमस्कार करतात आणि चहाला बोलावत नाहीत.

आत्या खूश आहे. हे मला लिहायलाच हवं, कारण मी लपवलं तर ही सगळी हकिकत खोटी होईल. तिचा खांदा सुटला आहे. तिचे गाल भरले आहेत. लोक गेले की ती चपला काढून आत जाते. सुरुवातीला चहा निवेल इतका वेळ. आता मी गाडी लावते, पाटी वाचते, पहारेकऱ्याशी फाटक लवकर बंद करण्यावरून वाद घालते, तरी ती आलेली नसते.

“नको जात जाऊ,” मी एकदा म्हटलं. “मी काय उपाशी ठेवते का तुला?”

“अगं, तीही एकटीच होती की इतके दिवस,” आत्या म्हणाली, जणू मी शेजारणीबद्दल बोलत होते. “आणि तुझं विचारते ती सारखी. मी सांगते, तिला वेळ नसतो, ती जगाशी भांडत असते.”

काल मी न्यायला गेले तेव्हा फाटक बंद व्हायला आलं होतं. घरात कुणी नव्हतं. चूल विझत आलेली, मागावर कापड अर्धं. दाराशी आत्याच्या चपला होत्या. त्यांच्या शेजारी एका माणसाच्या चपला राहतील एवढी जागा सोडून त्या नीट ठेवल्या होत्या.

मी चौकटीसमोर जाऊन उभी राहिले. पलीकडे हिरवळ, दगडांचा चौकोन, कुंपणापाशी कुणीतरी विसरलेली पाण्याची बाटली. उतरतं ऊन. सगळं जिथल्या तिथे. मंत्र्यांच्या दालनात मी न विचारता शिरले आहे, पोलिसांनी अडवलेल्या दारांतून वाकून गेले आहे. इथे अडवायला कुणी नव्हतं आणि माझा पाय उचलत नव्हता.

“आत्या, घरी चल,” मी म्हणाले. “फाटक लावतायत. ऐकतेस का? मी उद्यापासून आणणार नाही तुला. मी तक्रार करीन. मी हे दार बुजवायला लावीन.”

पलीकडून तेलाचा वास आला. ताट खाली ठेवल्याचा आवाज आला, अगदी जवळून, चौकटीच्या पलीकडच्या अंगाला. मग डावा पाय ओढत कुणीतरी दाराकडे यायला निघालं, आणि आत्याचा आवाज ऐकू आला, हसरा, मी लहान असताना होता तसा.

“बस गं तू, उठू नकोस. येईल ती. आधी थोडं भांडल्याशिवाय कुठे आत येते ती?”